गव्हाच्या कोठारात मुक्कामाला कोण येणार? कॅनडाच्या प्रेअरीतील वारसा पर्यटन समजून घेताना

शाळेच्या भूगोलात प्रेअरीची ओळख बहुतेकांना एकाच ओळीत झालेली असते: उत्तर अमेरिकेतील समशीतोष्ण गवताळ प्रदेश, जगाचे गव्हाचे कोठार. स्टेप्स, पंपास, व्हेल्ड आणि डाउन्स यांच्याबरोबर ‘जोड्या लावा’ या प्रश्नासाठी तो शब्द पाठ केलेला असतो आणि परीक्षा संपली की विसरलाही जातो. या प्रदेशाचा कॅनडातील भाग आल्बर्टा, सास्काचेवान आणि मॅनिटोबा या तीन प्रांतांच्या दक्षिणेकडे पसरलेला आहे. तिथे समुद्र नाही, बर्फाची शिखरे नाहीत, मोठ्या धबधब्यांचे आवाज नाहीत. क्षितिजापर्यंत शेते आणि त्यांच्यावर प्रचंड आकाश आहे. तरीही गेल्या काही दशकांत तिथल्या गावांनी आणि मूळनिवासी समाजांनी आपल्या वारशाच्या बळावर पाहुणे आणण्याचा प्रयत्न चिकाटीने चालवला आहे. जाहिरात हा त्या प्रयत्नाचा सर्वांत सोपा भाग असून खरी कामे त्याच्या पुष्कळ आधी करावी लागतात.

प्रथम अंतराचा हिशेब समजून घ्यावा लागतो. एकट्या सास्काचेवान प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक आहे. 2021 च्या जनगणनेनुसार तिथली लोकसंख्या मात्र 11 लाख 32 हजार, म्हणजे एकट्या नाशिक शहराच्या लोकसंख्येहूनही कमी होती, आणि त्यातले निम्मे लोक सास्काटून आणि रेजिना या दोन शहरांत व त्यांच्या परिसरात राहतात. उरलेले निम्मे एवढ्या विस्तारात विखुरलेले असल्याने दोन प्रेक्षणीय ठिकाणांमध्ये दोन-तीन तासांचा प्रवास ही नेहमीची गोष्ट आहे. त्यात प्रांत सरकारची बससेवा मे 2017 अखेर बंद झाली आणि पुढच्याच वर्षी ग्रेहाउंड कंपनीनेही पश्चिम कॅनडातील बसगाड्या थांबवल्या. स्वतःची किंवा भाड्याची मोटार नसलेल्या माणसाला बहुतेक गावांपर्यंत पोहोचण्याचा मार्गच उरलेला नाही. मोटार असलेला माणूस ट्रान्स-कॅनडा महामार्गावरून ताशी 110 किलोमीटर वेगाने रॉकी पर्वताच्या दिशेने निघालेला असतो, आणि मधली सपाटी लवकर संपावी एवढीच त्याची इच्छा असते.

या प्रवाशाला थांबवणे ही प्रेअरीतल्या पर्यटनाची पहिली अडचण आहे. त्याला मुक्कामाला ठेवणे ही दुसरी, आणि माझ्या मते तीच खरी.

उंच लाकडी कोठारे आणि ओसरलेली गावे

ही गावे इतक्या जवळजवळ वसली आणि नंतर इतक्या झपाट्याने ओसरली कशी, याचे उत्तर ‘ग्रेन एलेव्हेटर’ या इमारतीत दडलेले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतकरी आपला गहू घोडागाडीतून रेल्वेपर्यंत नेत असे. सकाळी निघून, माल उतरवून, संध्याकाळपर्यंत घरी परतता यावे, या बेताने लोहमार्गावर साधारण दहा-पंधरा किलोमीटरवर स्थानके उभारली गेली. प्रत्येक स्थानकाशी धान्य उचलून वर साठवणारे आणि तिथून खालच्या वाघिणीत सोडणारे उंच लाकडी कोठार बांधले गेले आणि त्याच्या आधाराने दुकान, शाळा, चर्च व टपाल कचेरी असे गाव वसले. 1930 च्या दशकात या तीन प्रांतांत अशी साडेपाच हजारांहून अधिक कोठारे होती. त्यांच्या भिंतींवर गावाचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेले असे आणि सपाट प्रदेशामुळे ते लांबूनच दिसे.

पुढे मालमोटारी आल्या, रस्ते सुधारले, आणि पन्नास किलोमीटरवरच्या एकाच मोठ्या काँक्रीटच्या कोठारात माल नेणे परवडू लागले. 1995 मध्ये केंद्र सरकारने धान्याच्या रेल्वेवाहतुकीला मिळणारे जुने अनुदान बंद केले, त्यानंतर फाट्यावरचे लोहमार्ग आणखी वेगाने उखडले गेले, आणि मार्ग गेल्यावर कोठार पाडले जाणे ओघानेच आले. कोठार पडले की महामार्गावरून गाव दिसेनासे होते. मॅनिटोबातील इंग्लिस या छोट्या वस्तीत ओळीने उभी असलेली पाच लाकडी कोठारे स्थानिक लोकांनी वाचवली आणि त्यांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. अशी सलग ओळ आता इतरत्र जवळजवळ बघायलाच मिळत नाही.

वास्तू वाचवणे आणि तिच्यावर पर्यटन चालवणे या दोन गोष्टींत मात्र मोठे अंतर आहे. लाकडाला रंग लागतो, छप्पर गळते, आगीचा विमा महाग असतो, आणि आतून रिकाम्या असलेल्या कोठारापुढे पाहुणा पंधरा मिनिटे रेंगाळतो, छायाचित्र काढतो आणि निघतो. धान्य वर कसे चढत असे, वजनकाट्यावर कोणाचे भांडण होत असे, प्रत ठरवताना शेतकऱ्याला आपण फसवलो गेलो असे का वाटे आणि त्या रागातून गव्हाच्या सहकारी संस्था कशा जन्मल्या, हे सांगणारा माणूस तिथे असला तर तीच पंधरा मिनिटे तासाभराची होतात. सहकारी साखर कारखान्यांच्या राजकारणात वाढलेल्या मराठी वाचकाला तर ही गोष्ट फार ओळखीची वाटेल. वारसा पर्यटनाच्या परिभाषेत याला अर्थनिरूपण म्हणता येईल; साध्या शब्दांत सांगायचे तर वस्तूच्या मागची माणसे दाखवणे.

थांबा आणि मुक्काम

प्रवाशाला थांबवण्याचा एक हमखास उपाय प्रेअरीतल्या गावांनी फार पूर्वी शोधला: रस्त्याच्या कडेला काहीतरी अवाढव्य उभे करायचे. आल्बर्टातील व्हेग्रव्हिल या युक्रेनियन वस्तीच्या गावात 1975 पासून एक महाकाय अंडे उभे आहे. ईस्टरच्या सणाला अंड्यांवर मेणाच्या साहाय्याने नक्षी काढण्याची जी युक्रेनियन परंपरा आहे, तिचेच ते अल्युमिनियममधले रूप. संगणकशास्त्रज्ञ रोनाल्ड रेश यांनी त्याची भूमिती संगणकावर सोडवली होती आणि वारा वाहील तसे ते आपल्या आसावर फिरते. सास्काचेवानमधील मूस जॉ शहरात 1984 पासून ‘मॅक’ नावाच्या मूसचा, म्हणजे मोठ्या शिंगांच्या थोराड हरणाचा, प्रचंड पुतळा उभा आहे. नॉर्वेत त्याच्याहून 30 सेंटिमीटर उंच मूस उभा राहिल्याचे लक्षात आल्यावर 2019 मध्ये दोन्ही गावांत जाहीर चढाओढ लागली, आणि शेवटी मॅकला मोठी शिंगे बसवून गावाने आपला मान परत मिळवला. या प्रकरणातून मिळालेली फुकटची प्रसिद्धी कोणत्याही जाहिरातीने मिळाली नसती, हे कबूल केलेच पाहिजे.

परंतु अशा थांब्यातून गावात पैसा किती उरतो, हा प्रश्न निराळा आहे. पाहुण्याने पेट्रोल भरले आणि साखळी दुकानातली कॉफी घेतली तर त्या रकमेचा बराचसा भाग तेलकंपनीकडे आणि दूरच्या मुख्यालयाकडे जातो. तोच पाहुणा गावातल्या घरगुती निवासात रात्री राहिला, स्थानिक खानावळीत जेवला आणि सकाळी बेकरीतून सास्काटून बेरीचा ‘पाय’ (फळांचे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) घेऊन निघाला, तर त्याच्या खर्चातला मोठा वाटा गावातच पगार, भाडे आणि भाजीपाल्याच्या रूपाने पुन्हा फिरतो. अर्थशास्त्रज्ञ पहिल्या प्रकाराला गळती म्हणतात. म्हणून ‘किती लोक आले’ या आकड्यापेक्षा ‘किती लोक रात्री राहिले’ हा आकडा गावाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असतो, तरी वार्षिक अहवालांत पहिलाच आकडा ठळक छापला जातो. तो मोठा दिसतो, एवढेच त्याचे कारण.

मुक्कामाला संध्याकाळचे कारण लागते. आल्बर्टातील रोजबड हे जेमतेम शंभरेक वस्तीचे खेडे आहे, पण तिथे व्यावसायिक नाट्यगृह आणि नाट्यशिक्षण देणारी शाळा आहे. कॅल्गरीचे लोक तासा-दीड तासाचा प्रवास करून तिथे जातात, एकत्र जेवतात आणि नाटक पाहतात. सास्काचेवानमधील मॅनिटू बीच येथे इतक्या खारट पाण्याचे सरोवर आहे की त्यात माणूस आपोआप तरंगतो. त्याच्या काठी 1928 मध्ये बांधलेल्या ‘डान्सलँड’ सभागृहाची मेपल लाकडाची जमीन घोड्याच्या केसांच्या थरावर बसवलेली आहे, त्यामुळे नाचताना ती पावलाखाली किंचित लवते. दिवसा पाणी आणि रात्री नाच अशी जोडी जमल्याने तिथे राहण्याचे कारण आपोआप तयार होते. लोणारच्या खाऱ्या सरोवराकाठी दिवसभर हिंडून संध्याकाळी मुकाट्याने छत्रपती संभाजीनगरची वाट धरणाऱ्यांना या जोडीचा हेवा वाटला तर नवल नाही.

गोष्ट कोणाची आणि सांगायची कोणी

आता या विषयाच्या सर्वांत नाजूक भागाकडे वळू. प्रेअरीतल्या बहुसंख्य गावांत एक छोटे संग्रहालय असते आणि त्यात युरोपातून आलेल्या वसाहतकारांचे नांगर, शिवणयंत्रे, चर्चचा बाजा आणि शाळेची बाके मांडलेली असतात. 1872 च्या कायद्याने 10 डॉलर शुल्कात 160 एकर जमीन मिळत असे आणि ओसाड रानाचे शेत करणाऱ्यांच्या कष्टांची ही कहाणी खरीच आहे. पण ते रान ओसाड नव्हते. क्री, ब्लॅकफुट, साल्टो आणि इतर मूळनिवासी राष्ट्रे हजारो वर्षे तिथे बायसन या रानगव्यासारख्या प्राण्याच्या कळपांबरोबर जगत होती. 1871 ते 1877 या काळात त्यांच्याशी करार झाले, 1880 च्या सुमारास बायसन जवळजवळ नाहीसे झाले, उपासमारीत सापडलेले लोक राखीव वस्त्यांवर ढकलले गेले आणि त्यांची मुले घरच्यांपासून तोडून, त्यांची भाषा आणि संस्कृती पुसण्यासाठी काढलेल्या निवासी शाळांत नेली गेली. केवळ नांगर दाखवणारे संग्रहालय या इतिहासाचा निम्मा भाग गाळते, आणि आजच्या जाणत्या पाहुण्याला ते खटकते.

सास्काचेवानमधील बातोश हे याचे ठळक उदाहरण आहे. मूळनिवासी आणि फ्रेंच असा संमिश्र वंश असलेल्या मेटी समाजाने आपल्या जमिनींच्या हक्कासाठी लुई रिएल आणि गॅब्रिएल ड्युमाँ यांच्या नेतृत्वाखाली जो लढा दिला, त्याचा शेवट 9 ते 12 मे 1885 या चार दिवसांत येथे झाला. रिएल यांना त्याच वर्षी 16 नोव्हेंबरला रेजिना येथे फाशी देण्यात आली. दीर्घकाळ सरकारी कथनात हे ‘बंड’ होते आणि सैन्याचा विजय हा त्याचा विषय होता. आज त्याचा उल्लेख ‘प्रतिकार’ असा केला जातो. पाद्र्याच्या घरावर गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात, पण तिथे गेलेल्या पाहुण्याला लढाईइतकीच मेटी कुटुंबांची नदीकाठची लांबट शेते, त्यांचा व्यापार आणि त्यांची भाषा यांची ओळख करून दिली जाते. 2022 मध्ये या स्थळाची काही जमीन मेटी राष्ट्राकडे परत सोपवण्याचा निर्णयही झाला. दर जुलैत इथे मेटी लोकांचा मोठा मेळा भरतो, फिडलच्या सुरांवर जिग नाच होतो, आणि दूरदूरची कुटुंबे तंबू ठोकून राहतात. तो मेळा मुळात पर्यटकांसाठी भरवलेला नाही, तो मेटींचा स्वतःचा आहे. बाहेरच्याला तिथे पाहुणा म्हणून यावेसे वाटते ते यामुळेच.

सास्काटून शहराच्या उत्तरेला लागूनच असलेले वानुस्केविन हे उद्यान याच विचाराचा पुढचा टप्पा मानता येईल. ओपिमिहाव ओढ्याच्या खोऱ्यात सहा हजार वर्षांहून अधिक काळाच्या वस्तीच्या खुणा सापडतात. मूळनिवासी समाजांतले वडीलधारे आणि पुरातत्त्वज्ञ यांनी एकत्र येऊन उभारलेले हे उद्यान 1992 मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि 2017 पासून ते जागतिक वारशासाठीच्या कॅनडाच्या संभाव्य यादीत आहे. 2019 च्या डिसेंबरमध्ये तिथे बायसन परत आणले गेले. बायसनला अंगावरचे किडे आणि गळके केस झाडण्यासाठी धुळीत लोळण्याची सवय असते. त्यांनी लोळून लोळून एका जागचे गवत साफ उडवले आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये त्या उघड्या जमिनीतून एका दगडाचा माथा वर दिसू लागला. उद्यानाच्या संस्थापकांपैकी एक असलेले पुरातत्त्वज्ञ अर्नी वॉकर यांना त्यावर एक खोबण दिसली. माती झाडल्यावर आणखी खोबणी दिसल्या आणि तो कोरीव दगड असल्याचे स्पष्ट झाले. पुढे असे एकूण चार दगड मिळाले आणि कोरण्यासाठी वापरलेले दगडी हत्यारही तिथेच सापडले. अशी गोष्ट कोणत्याही जाहिरात संस्थेला रचता आली नसती. ती घडली कारण बायसन परत आणण्याचे काम मुळात पाहुण्यांसाठी नव्हे, तर त्या भूमीशी असलेले जुने नाते पुन्हा जोडण्यासाठी केले गेले होते.

आल्बर्टातील हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप या ठिकाणी शिकारी लोक बायसनचे कळप युक्तीने हाकत कड्यापर्यंत नेत आणि खाली पाडत. 1981 पासून जागतिक वारसा असलेल्या या कड्यात डोंगराच्या पोटात बसवलेले माहिती केंद्र आहे आणि तिथे ब्लॅकफुट समाजातले मार्गदर्शक आपल्या पूर्वजांची हकिकत स्वतः सांगतात. 2019 मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या आइसिनाइपी येथील शैलचित्रांचा बहुतांश भाग मार्गदर्शकाशिवाय पाहताच येत नाही. पाहुण्यांची संख्या रोखणे हाही पर्यटन चालवण्याचाच भाग आहे, हे यावरून ध्यानात येते. काही विधींचे छायाचित्रण वर्ज्य असते, काही कथा विशिष्ट ऋतूतच सांगितल्या जातात, आणि काही जागा नकाशावर दाखवल्याच जात नाहीत.

याच्या उलट टोकाला मूस जॉमधील भुयारांची सफर येते. शहराखालच्या भुयारांत शिकागोचा कुख्यात गुंड अल कपोन येऊन लपत असे, या दंतकथेवर तिची लोकप्रियता उभी आहे, पण त्याला कागदोपत्री पुरावा नाही. करमणूक म्हणून त्यात गैर काही नाही. मात्र दंतकथा दंतकथा म्हणूनच सांगितली गेली पाहिजे, नाहीतर त्याच शहरात चिनी स्थलांतरितांनी सोसलेल्या कराच्या आणि भेदभावाच्या खऱ्या इतिहासावरचाही पाहुण्याचा विश्वास डळमळतो.

स्वयंपाकघर, स्वयंसेवक आणि हिवाळा

वारसा म्हणजे इमारती आणि रणभूमी एवढेच नाही, याची खात्री प्रेअरीतल्या शरद ऋतूतल्या सामुदायिक जेवणाला गेल्यावर पटते. पीक घरात आले की गावोगावच्या चर्चच्या तळघरात किंवा सभागृहात लांब टेबले मांडली जातात, टर्की आणि बटाट्याच्या लगद्याशेजारी कोबीच्या पानात गुंडाळलेला भात आणि पेरोगी (सारण भरून उकडलेल्या करंज्या) वाढल्या जातात, आणि गावातल्या बायकांनी घरून करून आणलेल्या पायच्या ताटल्यांपुढे कोणता घ्यावा या विचारात रांग अडून राहते. एका ताटात इंग्रज आणि युक्रेनियन स्वयंपाकघरे नांदतात. सास्काचेवानमधील वेरिगिन येथे दुखोबोर लोकांचे वारसाग्राम आहे. सैनिकी सेवा नाकारणारे हे शांततावादी ख्रिस्ती लोक 1899 मध्ये रशियातून आले आणि त्यांच्या प्रवासखर्चासाठी टॉल्स्टॉय यांनी आपल्या कादंबरीचे उत्पन्न दिले होते. विटांच्या भट्टीत भाजलेला त्यांचा पाव प्रसिद्ध आहे. ते बहुतांशी शाकाहारी असल्याने त्यांचे बोर्श हे सारही बिनमांसाचे असते. गोमांसासाठी ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात शाकाहारी मराठी पाहुण्याला याहून सोयीची पंगत मिळणे अवघड.

या सगळ्याला माणसे लागतात, आणि तिथेच घोडे पेंड खाते. गावची संग्रहालये प्रामुख्याने निवृत्त स्वयंसेवकांच्या बळावर चालतात आणि त्यांचे वय वाढत आहे. उन्हाळ्यात केंद्र सरकारच्या वेतन-अनुदानातून विद्यार्थी मार्गदर्शक नेमले जातात, ते सगळे पाठ करून तयार होतात आणि सप्टेंबरमध्ये कॉलेजला निघून जातात. पुढच्या वर्षी नवी मुले, पुन्हा नव्याने शिकवणे. हिवाळ्यात पारा उणे 30 च्याही खाली उतरत असल्याने हंगाम मेच्या अखेरपासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच असतो. एवढ्या थोड्या काळाच्या कमाईवर कोणी हॉटेल बांधत नाही, आणि हॉटेल नाही म्हणून मुक्काम होत नाही. हे चक्र तोडण्यासाठी एकट्या गावाची ताकद पुरत नाही. म्हणून शेजारच्या गावांनी मिळून एकच सफर आखणे, एकाने जेवण, दुसऱ्याने निवास आणि तिसऱ्याने संग्रहालय सांभाळणे, हा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो. एडमंटनच्या पूर्वेकडील युक्रेनियन वस्तीच्या टापूने ‘कालिना कंट्री’ या नावाखाली सारा परिसरच एक संग्रहालय मानण्याचा प्रयोग 1990 च्या दशकात केला तो याच विचारातून. चर्च, शेते, बाजार आणि माणसे जागच्या जागी ठेवून, भिंती नसलेले संग्रहालय अशी ती कल्पना आहे.

प्रसिद्धीचा प्रश्न येतो तो या सगळ्यानंतर. परदेशी पर्यटकांना भुरळ घालण्यासाठी छापलेल्या गुळगुळीत पुस्तिकांपेक्षा शेजारच्या शहरांत राहणाऱ्या लोकांना हाक मारणे स्वस्त आणि परिणामकारक असते, कारण प्रेअरीत येणाऱ्या पाहुण्यांत नातेवाइकांकडे आलेल्यांचा वाटा मोठा आहे. कॅल्गरी, एडमंटन, सास्काटून, रेजिना आणि विनिपेग येथे आता मराठी कुटुंबेही स्थायिक आहेत. त्यांच्याकडे भारतातून आई-वडील येतात तेव्हा त्यांना रॉकी पर्वतातील बॅन्फला नेले जाते, सरोवरांपुढे छायाचित्रे काढली जातात, आणि त्यानंतर महिना-दोन महिने ज्येष्ठ मंडळी घरात कंटाळतात. एखाद्या गावाने या कुटुंबांना शाकाहारी जेवणाची सोय, बसायला खुर्च्या आणि चालायला कमी अंतर एवढे जरी नेमके कळवले, तरी पाहुणे मिळतील, अशी माझी अटकळ आहे.

ज्यांना जायचे आहे त्यांनी कॅल्गरीहून सुरुवात करून दक्षिणेला दोन तासांवरचा बायसनचा कडा पाहावा, फोर्ट मॅक्लिऑडमध्ये रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी आइसिनाइपीला जावे. तिथल्या मार्गदर्शित फेरीची जागा आधी राखून ठेवावी लागते. सास्काटूनला राहणाऱ्यांनी सकाळी वानुस्केविन आणि दुसऱ्या दिवशी बातोश असा बेत करावा, आणि जुलैतल्या मेळ्याच्या तारखा जमल्या तर उत्तमच. लहान संग्रहालयांना निघण्यापूर्वी फोन करावा, कारण दारावरच्या वेळा स्वयंसेवकाच्या सोयीने बदलतात, आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर पुष्कळ ठिकाणी कुलूपच असते. पेट्रोलची टाकी निम्मी झाली की पुढच्या पंपाची वाट न पाहता भरून घ्यावी.